प्रतिसाद : आभार फक्त आमदारांचेच कशाला?

वर एकांनी लिहिलंय की विधिमंडळाच्या वर्धापनदिनाच्या भाषणात तिथल्या कर्मचाऱ्यांचे आभार मानणं ही निव्वळ औपचारिकता असते. मला तसं वाटत नाही. माझे वडील तिथल्याच सचिवालयातून निवृत्त झाले, म्हणून लिहावंसं वाटलं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मुंबईत पावसाळी अधिवेशन सुरू होतं. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्यावर निवेदन झालं. ते आपण टीव्हीवर पाहिलं. पण सभागृहात बोललेला शब्द न् शब्द उतरवून घेणारे प्रतिवेदक, सदस्यांच्या सूचना तपासणारे कक्ष अधिकारी, कागद वेळेत पोचवणारे शिपाई कोणाला दिसतात? मदतीसाठी जादा पैसा लागला की पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, येतात. त्यांची छापील पुस्तकं सदस्यांच्या हाती पडेपर्यंत कितीजण जागतात!

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद. बाबा ती रात्र विधानभवन आहे त्या नरिमन पॉइंटलाच राहिले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलाने भरलेल्या पायांनी घरी आले. आईने आधी गरम पाणी दिलं, मग रडली.

२०२४ मध्ये विधान परिषदेच्या शताब्दीचा सोहळा झाला, तेव्हा मला हेच सगळे आठवले. पुढच्या वर्धापनदिनी सफाई कामगार आणि उपाहारगृहातली मंडळीही व्यासपीठावर बोलवा. बाबांना ते बघायला फार आवडेल.