मदत हवी आहे: रोजच्या लांब पल्ल्यासाठी दणकट आणि पळणारी गाडी

कासपठार
नमस्कार. थेट विचारते. रोज खूप ड्रायव्हिंग आहे, जवळजवळ सगळं हायवेचं. आत्ताची गाडी थकली आहे, तिच्यावर आता पैसे घालणार नाही. नवीन घ्यायची आहे. दोनच अटी: वाटेत बंद पडता कामा नये आणि चालवायला मजा आली पाहिजे. ओव्हरटेकला पाय दाबला की गाडी निघाली पाहिजे, वळणावर डुलली नाही पाहिजे. नुसतं 'अॅव्हरेज चांगलं देते' असली गाडी नको.

स्कोडाची स्लाव्हिया, फोक्सवॅगनची व्हर्टस, ह्युंदाईची आय-२० एन लाईन आणि होंडाची सिटी, एवढ्यांवर येऊन अडकले आहे. यूट्यूबवरचे रिव्ह्यू दोन दिवस चालवून केलेले असतात. लाखभर किलोमीटर पळाल्यावर गाडीचं काय होतं ते तिथे कळत नाही. ज्यांनी खरंच तेवढी चालवली आहे त्यांनी लिहा. शनिवारी शोरूमला उत्तर द्यायचं आहे, त्यामुळे जरा लवकर.

गिअरबॉक्स
बजेट? मॅन्युअल की ऑटोमॅटिक? रोज म्हणजे किती किमी? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

तांबडा_पांढरा
डोळे झाकून सिटी घ्या. माझी २०१७ची मॅन्युअल १ लाख ८० हजार पळाली आहे. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, टायर, एकदा क्लच. बाकी इंजिनाला पान्नासुद्धा लावलेला नाही. टर्बोच (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, तर टर्बो बिघडणार कुठून?

गिअरबॉक्स
@तांबडा_पांढरा, त्यांनी पाय दाबला की निघाली पाहिजे असं लिहिलंय. सिटीला १४५ एनएम टॉर्क (इंजिनाची ओढ) आहे, तोही वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरवल्यावर. पाचव्या गिअरमध्ये ८०ला ट्रकच्या मागे असाल तर तिसरा टाकावाच लागतो. स्लाव्हिया-व्हर्टसच्या १.० टीएसआयला (एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन) १७८ एनएम आहे आणि तो १७५०-१८०० आरपीएमपासूनच मिळतो. रोजच्या ओव्हरटेकला हा फरक फार मोठा आहे.

तांबडा_पांढरा
मग तिसरा टाकायचा. गिअर टाकण्यातच मजा आहे. ते इंजिन साडेसहा हजारापर्यंत आनंदाने फिरतं. स्पोर्टी स्पोर्टी म्हणतात ते आणखी काय असतं?

सौरऊर्जा
एवढं रनिंग असेल तर पेट्रोलचा विचारच का? ईव्ही घ्या. पिकअपमध्ये कुठलीही टर्बो मागे पडेल. आणि महाराष्ट्रात ईव्हीला टोल माफ आहे.

कासपठार
सगळ्यांना एकत्र उत्तर देते. सातारा ते बाणेर, आठवड्यातून चार दिवस, एका बाजूने साधारण ११५ किमी. शनिवार-रविवारचं धरून वर्षाला ५० हजाराच्या आसपास जातं. बजेट १६ लाख ऑन-रोड, अगदीच ताणलं तर १७. बहुतेक वेळा एकटीच असते. मॅन्युअलच हवी. उंची ५ फूट २ इंच, त्यामुळे सीट वर-खाली होणारी लागते.

ईव्हीचा विचार केला होता. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, पार्किंगमध्ये चार्जर बसवायला सोसायटी अजून तयार नाही. तो विषय इथेच सोडूया.

वळणदार
@सौरऊर्जा, टोलमाफीबद्दल दुरुस्ती: ऑगस्ट २०२५ पासून ती अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर मिळते. पुणे-सातारा राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथे खेड शिवापूर आणि आनेवाडीला ईव्हीलाही टोल लागतो.

सौरऊर्जा
बरोबर, पण इंधनाचा हिशोब तरी बघा. घरी चार्ज केली तर खर्च पेट्रोलच्या पाव भागावर येतो. सोसायटीला पत्र द्या, नियम तुमच्या बाजूने आहेत.

वळणदार
सोसायटी तयार होईपर्यंत त्यांनी बाणेरला जायचं कशाने?

एसटीप्रेमी
ताई, एक वेगळा मुद्दा मांडतो. रोज २३० किमी स्वतः चालवणं शरीराला परवडत नाही. पाठ, मान, डोळे सगळ्यावर परिणाम होतो. साताऱ्याहून स्वारगेटला एसटी दिवसभर आहेत, कोयना एक्स्प्रेस आहे. मी वर्षानुवर्षे तसाच प्रवास केला. झोप होते, वाचन होतं.

कासपठार
काका, तुमची काळजी पोचली. पण स्वारगेटहून बाणेर गाठायला आणखी दीड तास मोडतो आणि सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीकडे. शिवाय मला गाडी चालवायला आवडते. खंबाटकी चढताना दिवसभराचा शीण जातो. म्हणूनच मजा देणारी गाडी मागते आहे.

डिझेलवाला_नाना
५० हजार रनिंग आणि एकानेही डिझेलचं नाव काढलं नाही? महिना चार हजार किमी धरा. टर्बो पेट्रोल हायवेला १६ देईल, म्हणजे २५० लिटर. १०४चा भाव धरला तर २६ हजार रुपये. डिझेल २० देईल, २०० लिटर, ९१च्या भावाने १८ हजार. महिन्याला जवळपास ८ हजारांचा फरक, वर्षाला लाखाच्या घरात. महिंद्राची थ्रीएक्सओ एसयूव्ही डिझेल मॅन्युअल घ्या. ३०० एनएम आहे. खंबाटकीला चौथ्यातसुद्धा चढेल.

गिअरबॉक्स
नाना, हिशोब मान्य. पण उंच गाडी वळणावर डुलणारच, आणि ते नको असं त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. त्यात टर्बो पेट्रोल १६च देईल हे तुम्ही ठरवलंत. ९०-१००ला स्थिर चालवली तर १.० टीएसआय १९-२० सहज देते.

डिझेलवाला_नाना
आणि पाय दाबत राहिल्या तर १३! मजा हवी आहे ना त्यांना?

पोलोभक्त
सेकंडहॅण्ड पोलो जीटी टीडीआय शोधा, फोक्सवॅगनची डिझेल हॅचबॅक. ११० पीएस (अश्वशक्ती), २५० एनएम, डिझेलचं अॅव्हरेज आणि स्टिअरिंग असं की बस्स. तशी गाडी पुन्हा झाली नाही.

वळणदार
गाडी छानच होती. पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (गाडीच्या धुराचे कडक नियम) लागू झालं आणि फोक्सवॅगनने इथलं डिझेल बंद केलं. म्हणजे सर्वांत नवी जीटी टीडीआय सुद्धा त्याच्या आधीची. 'बंद पडता कामा नये' म्हणणाऱ्या माणसाला एवढी जुनी गाडी वर्षाला ५० हजार पळवायला कशी सुचवायची?

कृष्णाकाठ
मी वाईहून पुण्याला येऊन-जाऊन करते, तुमच्यासारखंच. माझ्याकडे स्लाव्हिया १.० मॅन्युअल आहे, ९० हजार झाले. इंजिन, गिअरबॉक्सला काही नाही. पुढच्या सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश बदलले. मूळ टायर ४५ हजारांवर संपले. सर्व्हिस दर १५ हजार किमीला, त्यामुळे वर्षाला तीन-चारदाच जावं लागतं. दर १० हजारांना सर्व्हिस मागणारी घेतलीत तर पाच खेपा होतील. आपल्यासारख्यांना हे महत्त्वाचं आहे, प्रत्येक सर्व्हिसला एक दिवस गाडी हातात नसते.

चालवायला कशी? कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर दरीपुलापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हाला माहीतच आहे. मागून ट्रक कसा येईल याचा भरवसा नसतो. तिथे तिसऱ्या गिअरवर गाडी रस्त्याला धरून उतरते, ब्रेक हलका मारला तरी पुरतो. स्लाव्हिया आणि व्हर्टस दोन्हींना ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच स्टार आहेत. त्या उतारावर मला ते स्टार पिकअपपेक्षा जास्त मोलाचे वाटतात.

सीट वर-खाली होते, स्टिअरिंग पुढे-मागेही होतं. माझी उंची तुमच्याएवढीच आहे.

कासपठार
ताई, असंच काहीतरी हवं होतं! क्लच कसा आहे? वारजे ते चांदणी चौक संध्याकाळी पाय दुखतो का?

कृष्णाकाठ
हलका आहे. पण पहिल्या गिअरमध्ये टर्बो जागा व्हायच्या आधी गाडी थोडी मरगळते, तीन सिलिंडरची थरथरही जाणवते. चढावर ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच धरायची सवय लागते, ती लावून घेऊ नका.

हिशेबनीस
एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. वॉरंटी. ती वर्षं किंवा किमी, जे आधी होईल त्यावर संपते. बऱ्याच गाड्यांची वॉरंटी लाख-सव्वा लाख किमीची असते. तुमच्या रनिंगला चार-पाच वर्षांची वॉरंटी दोन-अडीच वर्षांत संपली. 'किमीची मर्यादा नाही' असं कोण देतं ते आधी बघा. होंडा ३ वर्षे तशी देते. म्हणजे तुमचे दीड लाख किमी कंपनीच्या खर्चात. एक्सटेंडेड वॉरंटी विकताना सेल्समन वर्षं मोठ्याने सांगतो, किमी हळू आवाजात. कागदावर किमी किती लिहिलेत ते वाचा.

तांबडा_पांढरा
हेच तर मी म्हणत होतो!

गिअरबॉक्स
तुम्ही हे नव्हतात म्हणत. पण मुद्दा पटला.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक
माझा टर्बोचा अनुभव वाईट आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. ७० हजाराला कूलंट गळायला लागलं, एक्स्प्रेसवेवर टेम्परेचरचा दिवा लागला, गाडी टो करून आणली. पार्ट यायला दोन आठवडे गेले. तेव्हापासून साधं पेट्रोल इंजिन बरं वाटतं. त्यात आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी, अॅव्हरेज पडणारच.

वळणदार
एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी पाइप, सील वगैरे ई-२०साठी बनवलेले आहेत. नवीन घेणाऱ्याला इंजिन खराब होण्याची धास्ती नको. अॅव्हरेज थोडं पडतं हे खरं, पण ते चारही गाड्यांचं पडेल.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक
थोडं? माझं किलोमीटर-दीड किलोमीटरने पडलं.

वळणदार
ई-२०साठी नवा धागा काढूया का? इथे त्यांना शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

एन_लाईन_कोल्हापूर
माझ्याकडे आय-२० एन लाईन मॅन्युअल आहे. १२० पीएस, चारही चाकांना डिस्क, स्टिअरिंग जड, सस्पेन्शन साध्या आय-२०पेक्षा कडक. खंबाटकीला जी मजा हवी आहे ती इथे आहे. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीच्या आतली असल्यामुळे सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, मोठ्या गाड्यांना ४०. बजेटमध्ये आरामात बसते. पण प्रामाणिकपणे सांगतो, कोल्हापूर-पुणे एका दमात केलं की पाठ बोलते. आठवड्यातून चारदा मी ती नेणार नाही. रविवारची गाडी म्हणून अव्वल.

हिशेबनीस
अवांतर, पण कामाचं: फास्टॅगचा वार्षिक पास घेतला आहे का? ३ हजार रुपयांच्या आसपास २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. दोन टोलनाके, जाऊन-येऊन रोज चार वेळा, म्हणजे ५० दिवसांत पास संपेल. तरीही एका नाक्याला साधारण १५ रुपयेच पडतात. संपला की लगेच दुसरा घेता येतो.

कासपठार
पास घेतलेला आहे, सुरू झाला तेव्हापासून. त्या पैशांतच टायर निघतील.

आता माझं असं झालं आहे: एन लाईन यादीतून गेली, पाठीचं कारण मला पटलं. उंच गाडी नको म्हणून थ्रीएक्सओ नाही. नाना, रागावू नका, डिझेलचा हिशोब तुमचा बरोबरच आहे. पण या बजेटमध्ये डिझेल सेडान नव्याने मिळतच नाही. राहिल्या स्लाव्हिया १.० आणि सिटी. व्हर्टस आतून तीच गाडी, जिचा डीलर नीट बोलेल ती. १.५ टीएसआय मॅन्युअल मनात होती, पण बजेटच्या पार बाहेर जाते.

सिटीची अमर्याद किमीची वॉरंटी एकीकडे आणि स्लाव्हियाचा टॉर्क दुसरीकडे. इथेच अडकले आहे.

डिझेलवाला_नाना
रागवायचं काय त्यात. टाटाची अल्ट्रोझ डिझेल मात्र बघून या, देशात डिझेल हॅचबॅक तेवढीच उरली आहे.

गिअरबॉक्स
शनिवारचं उत्तर रविवारवर ढकला. शोरूमभोवती दोन किमीची टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका. दोन्ही गाड्या हायवेला न्या. पाचव्या गिअरमध्ये ८०ला स्थिर ठेवा आणि गिअर न बदलता पाय दाबा. सिटी जे करेल ते तुम्हाला चाललं तर सिटी घ्या, वॉरंटीची चिंता मिटली. नाही चाललं तर स्लाव्हिया, आणि एक्सटेंडेड वॉरंटी पहिल्याच दिवशी, किमीचा आकडा लेखी घेऊन.

कृष्णाकाठ
स्लाव्हिया घेतलीत तर घाट चढून ढाब्याला थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या. टर्बो तापलेला असतो.

कासपठार
ठीक. दोन्ही शोरूमना फोन केला. हायवेला न्यायला एक तयार आहे, दुसरे 'मॅनेजरला विचारतो' म्हणाले. अजून काही बघायचं राहिलं असेल तर आज रात्रीपर्यंत लिहा.

वळणदार
संध्याकाळची वेळ मागा. तुमचा परतीचा घाट वर्षातले निम्मे दिवस अंधारात असणार, त्यात पाऊस. हेडलाइट डाव्या कडेला किती उजेड टाकतो ते बघा, आणि सीट तुमच्या उंचीला लावल्यावर ए-पिलरमुळे (समोरच्या काचेच्या कडेचा खांब) उजवं वळण झाकलं जातं का तेही. हे दिवसा कळत नाही.