मदत हवी आहे: डेथ मेटल बँडला ड्रमर मिळेना

पुण्यात आमचा डेथ मेटल (हेवी मेटलचा आक्रमक, वेगवान प्रकार) बँड आहे. गिटार, बास, गायक जागेवर आहेत, ड्रमर काही टिकत नाही. शेवटचा मस्त जमला होता, पण नोकरीसाठी बंगळुरूला गेला. २२० बीपीएमला (मिनिटाला २२० ठोके) ब्लास्ट बीट, म्हणजे डेथ मेटलचा तो तुफान वेगवान ताल, वाजवताना स्नेअर ड्रम मागे पडू न देणारा कुणी हवाय. मानधन जमणार नाही, जॅमरूमचं (सरावाच्या खोलीचं) भाडं आम्ही भरू.

फ्लोरिडाच्या 'डेथ' या डेथ मेटल बँडचा चक शुल्डिनरही साथीदारांसाठी सॅन फ्रान्सिस्को, टोरांटोपर्यंत फिरला. १९८७चा पहिला अल्बम शेवटी त्याने आणि ड्रमर ख्रिस रायफर्टने दोघांनीच वाजवला. गिटार, बास, आवाज सगळं चकचं. त्याला निदान ड्रमर तरी मिळाला!

ड्रमर मिळेपर्यंत कॉम्प्युटरवर प्रोग्राम केलेल्या ड्रम्सवर डेमो काढावा का? असा डेमो ऐकून ड्रमर येतात की बिचकतात? मुंबई-पुण्यात कुणी ओळखीचं असेल तर प्लीज कळवा.