इंदूर ते ग्वाल्हेर, एबी रोड: वाटेतले जिओकॅश आधीच नकाशावर कसे लावायचे?

राजवाडा_चौक (इंदूर)

डिसेंबरअखेर गाडीने इंदूरहून ग्वाल्हेर, देवास-शाजापूर-ब्यावरा-गुणा-शिवपुरी असा सरळ एबी रोड (आग्रा-मुंबई रस्ता). साधारण ५०० किमी, एका दिवसात पोचायचं आहे. दोन दिवसांनी त्याच रस्त्याने परत.

हाताशी जिओकॅशिंगचं (लपवलेले डबे, म्हणजे कॅश, जीपीएसवर शोधायचा खेळ) प्रीमियम खातं, विंडोज लॅपटॉपवर जीसॅक (कॅशच्या याद्या गाळायचा प्रोग्राम) आणि अँड्रॉइड फोनवर सी-जिओ (कॅश शोधायचं ॲप) आहे. आतापर्यंत केलं ते असं: गूगल माय मॅप्समध्ये रस्ता काढला, केएमएल फाइल (त्या रेषेचे आकडे असलेली) उतरवली, तिच्यातली रेषेच्या बिंदूंची यादी जीसॅकच्या आर्क/पॉली फिल्टरमध्ये (रेषेच्या आसपासचे कॅश निवडणाऱ्या) चिकटवली आणि अंतर २ किमी ठेवलं. उत्तर शून्य. पॉकेट क्वेरीत (साइटवरून उतरवलेल्या कॅशच्या यादीत) मात्र रस्त्यालगतचे कॅश स्वच्छ दिसतात. काय चुकतंय?

शिवाय गूगल मॅप्स सुरुवात-शेवट धरून १० ठिकाणांपुढे जाऊ देत नाही, त्याला काय करायचं? आणि एका दिवसात किती थांबे झेपतील?

मांडवी_दरवाजा (वडोदरा)

शून्य का येतं ते केएमएल नोटपॅडमध्ये उघडलंत की कळेल. इंदूरचा बिंदू तिथे असा असतो:

७५.८५७७,२२.७१९६,०

केएमएलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश, मग उंची. जीसॅकला आधी अक्षांश हवा. तुमचा एबी रोड त्याने ७५ अंश उत्तरेवर नेऊन ठेवलाय, म्हणजे नॉर्वेच्याही वर, बॅरेंट्स समुद्रात. तिथे २ किमीत काय सापडणार! यादी एक्सेलमध्ये घ्या, स्वल्पविरामावर स्तंभ पाडा, पहिले दोन अदलाबदल करा, तिसरा काढून टाका.

५०० किमीच्या रेषेत बिंदू हजारोंनी असतात, त्यामुळे फिल्टर रांगत चालतो. क्यूजीआयएस या नकाशा-प्रोग्राममध्ये रेषा सिम्प्लिफाय (कमी बिंदूंची) करा, १०० मीटरची सूट द्या. रस्त्याभोवतीच्या निवडीच्या पट्ट्यात जास्तीत जास्त तेवढाच फरक पडतो आणि यादी आटोपशीर होते.

पॉकेट क्वेरीच्या झिपमध्ये दोन जीपीएक्स (बिंदूंच्या फाइली) असतात. एक कॅशची, दुसरीच्या नावाच्या शेवटी डब्ल्यूपीटीएस लिहिलेलं असतं. पार्किंगची जागा आणि मल्टी कॅशचे टप्पे या दुसरीत. झिप फोडून पहिलीच तेवढी आत घेतली की पार्किंग गायब. झिप न फोडता जशीच्या तशी जीसॅकला आणि सी-जिओला द्या.

एका क्वेरीत १००० कॅश, दिवसाला १० क्वेरी, ही मर्यादा आपल्याकडे कधी आड येत नाही. युरोपातल्या लोकांचं दुखणं आहे ते.

लष्कर_ग्वाल्हेर

वरचं सगळं बरोबर, पण पट्टा ही फक्त पहिली चाळणी. आणि २ किमी कमी आहे. कॅश दाट असतात तिथे १ किमीसुद्धा पुरतो. या रस्त्यावर मुळात मोजकेच, तेव्हा ५ किमी ठेवा आणि मग हाताने गाळा.

खरी भानगड दुभाजकाची. जीसॅक सरळ रेषेतलं अंतर मोजतो. कॅश रस्त्यापासून २०० मीटरवर असला पण पलीकडच्या बाजूला असला, तर पुढचा कट किंवा अंडरपास येईपर्यंत जायचं, वळायचं, मागे यायचं, आणि पुन्हा दिशेला लागायला तेवढंच परत. उलट्या बाजूने गाडी घालणारे दिसतील, तुम्ही घालू नका.

म्हणून यादीला एक स्तंभ जोडा: "जा / ये". आपण डावीकडून चालवतो, इंदूरहून ग्वाल्हेर म्हणजे मोघम उत्तरेला. जाताना रस्त्याच्या पश्चिमेचे कॅश आपल्या हाताला, येताना पूर्वेचे. तुम्ही याच रस्त्याने परतणार आहात, मग पूर्वेचे सगळे परतीवर टाका. निम्मे वळसे तिथेच वाचतात. शहरातले आणि गावातले कॅश याला अपवाद, तिथे कट जवळजवळ असतात.

आता थांबा लावताना. टाचणी कॅशवर मारू नका, पार्किंगवर मारा. पार्किंग दिलेलं नसेल तर सॅटेलाइट चित्र पूर्ण जवळ आणून आपल्याच पट्टीच्या डाव्या कडेला, कॅशच्या थोडं अलीकडे मारा. टाचणी दुभाजकाच्या पलीकडे पाच-सात मीटर सरकली की नकाशा तिला समोरच्या पट्टीला चिकटवतो आणि वळसा घालून परत आणतो. तपासायची सोपी रीत: थांबे एकेक करून वाढवा आणि प्रत्येक वेळी एकूण किलोमीटर बघा. २०० मीटर आतल्या थांब्याने बेरीज ८ किमीने उडाली तर टाचणी चुकीच्या पट्टीवर पडली आहे, नाहीतर कॅशच "ये" मध्ये जायला हवा.

१० ठिकाणांच्या मर्यादेसाठी रस्त्याचे तीन तुकडे करा: इंदूर ते ब्यावरा, ब्यावरा ते गुणा, गुणा ते ग्वाल्हेर. तीन वेगळ्या लिंक स्वतःलाच पाठवा. फक्त लॅपटॉपवर ओढून वळवलेली रेषा फोनवर तशीच उघडेल असं समजू नका. फोन आपल्या मर्जीने रस्ता पुन्हा काढतो. बायपास टाळून देवास गावातून जायचं असेल तर गावात खरा थांबाच टाका.

क्षिप्रा_पूल (इंदूर)

मला तीन लिंकांपेक्षा ओस्मअँड (नेटशिवाय चालणारं नकाशा ॲप) बरं वाटतं. मध्य प्रदेशचा नकाशा घरीच उतरवून ठेवा. बीराउटरच्या पानावर रस्ता काढा, तिथून जीपीएक्स घ्या, ओस्मअँडमध्ये ट्रॅक म्हणून उघडून त्यावर चाला. थांब्यांच्या संख्येला आडकाठी नाही आणि मधल्या पट्ट्यात नेटवर्क गेलं तरी अडत नाही.

क्यूजीआयएसमध्येच पट्टा काढणार असाल तर रेषा आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये आणा. जीपीएक्स अंशांमध्ये असते. तशीच बफरला (रेषेभोवती पट्टा काढणाऱ्या साधनाला) दिली आणि ५ लिहिलं तर तो ५ अंश घेतो, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर, आणि अर्धा देश निवडला जातो. ग्वाल्हेर ७८ अंशांच्या जरा पलीकडे म्हणून खरं तर यूटीएमच्या झोन ४४ मध्ये येतं, पण एवढ्यासाठी झोन बदलायचं कारण नाही. बफर ५००० मीटर, डिझॉल्व्हला (सगळे तुकडे एक करायला) खूण, मग सिलेक्ट बाय लोकेशन.

राजवाडा_चौक (इंदूर)

स्तंभ अदलाबदल केले, कॅश आले. धन्यवाद.

आता दुसरंच. एका कॅशचं पान उघडून आकडे हाताने घातले, उ २२° ४३.२०० पू ७५° ५१.६००. टाचणी मानपूरच्या पलीकडे पडते. कॅश तर इंदूर शहरातला आहे.

मांडवी_दरवाजा (वडोदरा)

तुम्ही २२.४३२ आणि ७५.५१६ असं लिहिलं असणार. कॅशच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं असतात. मिनिटांना ६० ने भागायचं: ४३.२ ÷ ६० = ०.७२, म्हणून २२.७२. तसंच ५१.६ ÷ ६० = ०.८६, म्हणून ७५.८६. तुमच्या आकड्यांत दक्षिणेला ३२ आणि पश्चिमेला ३५ किमी चूक आहे, तिरकं जवळपास ४८. आणि फसवं असं की टाचणी पडते जमिनीवरच, माळव्याच्या आसपासच, त्यामुळे संशय येत नाही. बॅरेंट्स समुद्र परवडला.

मिस्ट्री कॅशही यादीतून वेगळे काढा. त्यांचा दिसणारा बिंदू खोटा असतो, खरा डबा साधारण ३ किमीच्या आत दुसरीकडे. कोडं घरी सोडवा, दुरुस्त बिंदू भरा आणि त्यानंतरच पट्ट्याचा फिल्टर लावा. न सुटलेले उडवा.

लष्कर_ग्वाल्हेर

किती थांबे झेपतील याचं उत्तर राहिलं. नुसतं चालवायचे ९ तास धरा. सोपा कॅश, म्हणजे पानावर दिलेला अवघडपणा आणि जमीन दोन्ही ५ पैकी २ पर्यंत, असेल तर गाडी लावण्यापासून परत बसण्यापर्यंत २० मिनिटं. त्यात वळशाची मिनिटं मिळवा. पहाटे ६ ला निघालात, जेवण-चहाला दीड तास दिला, तर ६ थांब्यांचे २ तास आणि वळसे धरून ग्वाल्हेर संध्याकाळी साडेसहानंतरच. तेव्हा त्याहून जास्त नको.

डिसेंबरअखेर ग्वाल्हेरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून वजन पहिल्या अर्ध्यावर: देवास ते ब्यावरा चार, गुणा-शिवपुरीला दोन, पुढे एकही नाही. परतताना ग्वाल्हेर-शिवपुरी पट्ट्यात सकाळी धुकं असतं; पहिला थांबा दहाच्या आधी लावू नका.

यादी पक्की करण्याआधी प्रत्येक कॅशच्या शेवटच्या पाच नोंदी वाचा. आपल्याकडे डबा हरवला तरी पान वर्षानुवर्षं तसंच राहतं. ओळीने तीन "सापडला नाही" असतील तर तो थांबा मोजू नका, वाटेत वेळ उरला तर बघा. अर्थकॅशला (भूरचना बघायच्या जागेला) डबा नसतो, त्यामुळे हरवायची भीती नाही. पण त्याचे प्रश्न घरूनच वाचून जा, उत्तरं जागेवर बघूनच द्यायची असतात.

शिवपुरीला माधव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पट्टा शिरतो. ५ किमीच्या फिल्टरला जंगलाची हद्द कळत नाही, तेवढं डोळ्यांनी तपासा.

क्षिप्रा_पूल (इंदूर)

कॅश नाहीत, तरी दोन जागा टाचून ठेवा. २३ उत्तर-७६ पूर्व हा पूर्ण अंशांचा छेद देवासपासून सात-आठ किमीवर आहे, आणि २४-७७ ब्यावऱ्यापासून साधारण १३ वर. शेत कोणाचं असेल ते बघून, विचारून मगच आत. कर्कवृत्त शाजापूरच्या अंगाने जातं, २३° २६' च्या आसपास फोनवर आकडे बदलताना दिसतील. आकडे गाडीत शेजारी बसलेल्याला वाचू द्या.

राजवाडा_चौक (इंदूर)

"जा / ये" लावल्यावर जाताना पाच उरले, येताना चार. एक पश्चिमेचाच आहे पण टाकला की बेरीज ११ किमीने वाढते. टाचणी आपल्याच पट्टीवर आहे, दोनदा बघितलं.

लष्कर_ग्वाल्हेर

मग तो बायपासवर उंच भरावाखाली असणार. मुख्य रस्त्यावरून खाली उतरायला जागा नाही, सर्व्हिस रोडला आधीच्या फाट्यावरच लागावं लागतं. टाचणी उचलून सर्व्हिस रोडवर ठेवा आणि बेरीज पुन्हा बघा. ११ चे एक-दोन झाले तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.