'सहीह बुखारी'ची पहिली हदीस : मथळा एक, मजकूर दुसरा?

जिज्ञासू (प्रश्न)
इमाम बुखारी (मृत्यू 870) यांच्या 'सहीह' या हदीससंग्रहाचा (हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या वचन-आचरणाची नोंद) आरंभ 'प्रेषितांवर वही उतरण्यास सुरुवात कशी झाली' या मथळ्याने होतो; वही म्हणजे ईश्वरी संदेश. त्याखालची पहिलीच हदीस मात्र 'कर्मे हेतूंनुसारच असतात' अशी असून तिच्यात वहीचा उल्लेखही नाही. जुन्या भाष्यकारांनी या विसंगतीचा उलगडा कसा केला आहे? आणि एवढ्या छोट्या वचनावर त्यांनी इतकी पाने का खर्च केली असावीत?

समासलेखक
आपल्याला पडलेला प्रश्न भाष्यकारांनाही पडला होता. बुखारींचे फिक्ह (धर्मनियमांचे आकलन) त्यांच्या मथळ्यांत असते, असे विद्वान म्हणत आले आहेत. म्हणून मथळा आणि हदीस यांचा सांधा शोधणे हा शरह (भाष्य) लिहिणाऱ्यांच्या कामाचाच भाग ठरला. कैरोतील इब्न हजर अल-अस्कलानी (1372–1449) यांनी 'फत्ह अल-बारी' या 'सहीह'वरील भाष्यात आधीच्यांची अनेक उत्तरे एकत्र केली आहेत. एका मतानुसार ही हदीस म्हणजे ग्रंथाची प्रस्तावनाच आहे, कारण दुसरे खलिफा हजरत उमर यांनी ती मिंबरवरून (मशिदीतील व्यासपीठावरून) सांगितली होती आणि जे मिंबरवर शोभते ते ग्रंथारंभीही शोभते. दुसरे मत मला अधिक सुंदर वाटते. हदीसीत पुढे हिजरतचा (स्थलांतराचा) विषय येतो, आणि प्रेषितांनी हिरा गुहेत पत्करलेला एकांत ही ईश्वराकडे केलेली हिजरतच होती. वहीचा आरंभही तिथेच झाला.

आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. 'ज्याची हिजरत अल्लाह आणि त्याच्या प्रेषितासाठी असेल' हे वाक्य इथे गळलेले आहे, पण बुखारींनी हीच हदीस एकूण सात ठिकाणी दिली असून इतरत्र ते वाक्य आढळते. सेव्हिलचे इब्न अल-अरबी (मृत्यू 1148) यांनी स्पष्टच म्हटले की बुखारींचे गुरू हुमैदी यांच्या 'मुस्नद' या हदीससंग्रहामध्ये हदीस पूर्ण असताना ते वाक्य गाळण्यास सबब उरत नाही. त्यावर बचावाचे उत्तर असे दिले गेले की आपला हेतू शुद्धच आहे असा दावा ग्रंथाच्या पहिल्याच पानावर होऊ नये, म्हणून बुखारींनी ते जाणून वगळले. बुखारींविषयी अपार आदर असूनही हा आक्षेप दडपला गेला नाही, तो भाष्यातच नोंदला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

अन्वय
पाने का खर्च झाली, याचे उत्तर व्याकरणात आहे. मूळ अरबी वाक्यात 'कर्मे' आणि 'हेतू' यांच्यामध्ये क्रियापद नाही, त्यामुळे तिथे एखादा शब्द अध्याहृत धरावा लागतो. तो 'वैधता' धरला, तर हेतूवाचून कर्म वैधच होत नाही. 'पुण्यफल' धरला, तर कर्म वैध होते, मात्र हेतूवाचून त्याचे पुण्य मिळत नाही. शाफिई पंथ वुजूसाठी (नमाजापूर्वी हात-तोंड-पाय धुण्यासाठी) निय्यत (मनातला हेतू) आवश्यक मानतो आणि हनफी पंथ मानत नाही, तेव्हा हा न उच्चारलेला शब्द कोणता यावर प्रत्यक्ष आचार अवलंबून राहतो. इब्न हजर शाफिई होते, तर 'उम्दत अल-कारी' लिहिणारे त्यांचे कैरोतील समकालीन बद्रुद्दीन अल-ऐनी (1361–1451) हनफी होते. म्हणून दोन्ही शरह शेजारी ठेवून वाचाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जिज्ञासू
मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो : ऐनींनी इब्न हजर यांचेच लिखाण घेतले, असे वाचनात आले होते. ते कितपत खरे आहे?

समासलेखक
इब्न हजर यांनी 817 हिजरीत हाती घेतलेले भाष्य 842 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, पूर्ण केले. ते सिद्ध होत असतानाच त्याचे भाग शिष्यांकडून ऐनींपर्यंत पोहोचत होते आणि ऐनींनी त्यांतून घेतलेही, असे इब्न हजर यांच्या बाजूचे लोक सांगतात. मात्र ऐनी जागोजागी त्यांचे खंडनही करतात, आणि त्या आक्षेपांना उत्तर देण्यासाठी इब्न हजर यांनी 'इन्तिकाद अल-इतिराद' हा वेगळा ग्रंथ हाती घेतला. शब्दार्थ, व्याकरण आणि अलंकार यांची ऐनींनी केलेली मांडणी अधिक पद्धतशीर आहे. इस्नाद (हदीस सांगणाऱ्यांची साखळी) आणि पाठभेद यांत इब्न हजर यांच्या तोडीचे कोणी नाही, असे माझे मत आहे. त्यामुळे एवढ्या आरोपावरून 'उम्दत' बाजूला ठेवू नये.