डायोजिनिस: तत्त्वज्ञ की नुसताच तोंडाळ?

पंतोजी:
सॉक्रेटिस-प्लेटोच्या पंगतीला या प्राचीन ग्रीक डायोजिनिसला का बसवतात, हे मला अजून उमगलेलं नाही. नाण्यांच्या भानगडीपायी सिनोप हे आपलं गाव सोडावं लागलेला माणूस. अथेन्सला येऊन मातीच्या रांजणात राहिला, भर दिवसा दिवा घेऊन ‘माणूस शोधतोय’ म्हणत फिरला. सिकंदर म्हणाला, काय हवं ते माग. तर हा म्हणतो, बाजूला हो, ऊन अडतंय. चटकदार आहे, मान्य. पण हे चावडीवरचे किस्से झाले. तत्त्वज्ञान कुठंय?

मृण्मयी:
किस्से हेच त्याचं तत्त्वज्ञान, पंतोजी. प्लेटोनं माणसाची व्याख्या केली: दोन पायांचा, पिसं नसलेला प्राणी. लोकांनी वाहवा केली. यानं पिसं उपटलेला कोंबडा नेऊन समोर टाकला, ‘हा घ्या प्लेटोचा माणूस!’ म्हणे मग व्याख्येत ‘रुंद नखांचा’ असं ठिगळ लावावं लागलं. हाच वाद लिहून घालायचा तर चार पानं गेली असती.

खडूस काका:
‘म्हणे’ हा शब्द बरा घातलास. डायोजिनिस मेला इ.स.पू. ३२३ च्या सुमारास. हे किस्से ज्यानं एकत्र केले तो डायोजिनिस लाएर्टियस त्यानंतर पाचेकशे वर्षांनी झाला. वर म्हणतात, सिकंदर आणि हा एकाच दिवशी गेले. इतकं जुळून आलेलं दिसलं की मी आधी खिसा चाचपतो.

पंतोजी:
आणि वैराग्याचं काय सांगता? याच्याकडे मेनिस नावाचा गुलाम होता! तो पळाला तेव्हा ‘मेनिस माझ्यावाचून जगतो, तर मी का नाही त्याच्यावाचून?’ असं म्हणाला म्हणे. आधी होता म्हणूनच पळाला ना? शिवाय पोट भिकेवर. पिकवायचं दुसऱ्यांनी, आणि यानं त्यांनाच शिव्या द्यायच्या.

दर्यावर्दी:
त्याच्या मागून कोण आले तेही बघा. थीब्सच्या क्रेटिसनं इस्टेट सोडून याची वाट धरली. क्रेटिसचा शिष्य झीनो, त्यानं सुखदुःखात मन स्थिर ठेवायला शिकवणारा स्टोइक पंथ काढला. आपल्याकडचा धागाही आहे: याचा शिष्य ओनेसिक्रिटस सिकंदराच्या फौजेबरोबर तक्षशिलेला आला, तिथल्या नग्न साधूंशी बोलला आणि त्यांना आपल्या गुरूबद्दल सांगितलं. नुसत्या तोंडाळ माणसाचं नाव कोण इतक्या लांब नेतं?

खडूस काका:
नातू कर्तबगार निघाला म्हणून आजोबा थोर होत नाहीत.

मृण्मयी:
भिकेवरून आठवलं. तो पुतळ्यापुढे हात पसरून उभा राहायचा. का, विचारलं तर म्हणाला, ‘नकार घ्यायचा सराव करतोय.’

पंतोजी:
हे माहीत नव्हतं. पुतळ्याचं चांगलं आहे. मेनिसचं मात्र अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.