इंग्लंडातनं फ्रान्सला गळ टाकायला जायचंय: फेरी बरी का बोगद्यातली ट्रेन?

गळवाला_कळंबा

मंडळी नमस्कार, जरा सल्ला पाहिजे होता. माझा धाकटा भाऊ इंग्लंडात रीडिंगला असतोय, मे महिन्यात मी आणि आमचे आबा त्याच्याकडं चाललोय. आबांचा गळाचा नाद अख्ख्या गल्लीला माहिताय, रिटायर झाल्यापास्नं एकतर तळ्यावर न्हाईतर भोगावतीच्या काठाला, घरात सापडायचे न्हाईत. तर भावाचं म्हणणं असं की इंग्लंडात नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते, तळ्यांवर चालतंय पण आबांना घेऊन एवढं लांब आलायसा तर गाडी काढून फ्रान्सलाच जाऊया. उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या काठानं खाजगी तळी आहेत, एक तळं बुक करायचं, तंबू ठोकायचा आणि आठवडाभर कार्पच्या मागं लागायचं. कार्प म्हणजे आपला सायप्रिनसच की, पण तिकडं वीस-वीस किलोचा लागतोय म्हणे.

आता घोळ असा की मधी समुद्र आहे. भाऊ म्हणतोय डोव्हर बंदरातनं फेरी धरू, दीड तासात फ्रान्सचं कॅले बंदर. त्याचा मित्र म्हणतोय येडा हायस का, फोकस्टनवरनं ट्रेननं जा, ३५ मिनिटांत पलीकडं. आणि आबांचं तिसरंच. बोटीत त्यांना मळमळतंय, दाभोळच्या फेरीवर सुद्धा तोंड पांढरं पडलेलं आणि ती तर नुसती खाडी. बोगदा म्हटलं की म्हणत्यात वर पाणी आणि खाली आपण, नको रे बाबा.

माणसं तीन, रॉडच्या लांब पिशव्या, तंबू, खुर्च्या, छपरावर बॉक्स. कुणी केलंय का हे? खर्च, वेळ आणि आबा तिन्हीचा मेळ बसला पाहिजे.

पन्हाळा_रायडर

भावा नाद खुळा प्लॅन हाय! पण ट्रेन म्हणजे युरोस्टार ना? ती लंडनवरनं सुटती, फ्रान्समधल्या लीलला दीड तासाच्या आत सोडती, पण तिच्यात गाडी चढत न्हाई. छपरावरचा बॉक्स डोक्यावर घेऊन जाणार का काय? मी म्हणतो फेरी घे, डेकवर उभारून वारं खायचं, डोव्हरचे पांढरे कडे बघायचे, रील काढायचं. आबांना खिडकीत बसव.

केंटमधली_कोल्हापूरकर

थांबा थांबा, दोन ट्रेनची गल्लत होतेय. बोगदा एकच, पण त्यातून धावतात दोन वेगळ्या गाड्या. युरोस्टार ही माणसांची, लंडनच्या सेंट पँक्रसवरून सुटणारी. तुमच्या भावाचा मित्र म्हणतोय ती ल शटल, ती फोकस्टनजवळून सुटते आणि कॅलेला उतरवते. आपल्या कोकण रेल्वेवर ट्रक चढवून नेतात ना, रो-रो, तोच प्रकार, फरक एवढाच की इथे डबे बंदिस्त असतात आणि तुम्ही स्वतःच्याच गाडीत बसून राहता. हँडब्रेक ओढायचा, काचा थोड्या खाली घ्यायच्या, वाटलं तर उतरून गाडीच्या बाजूला पाय मोकळे करायचे. डब्यात चांगला उजेड असतो. आबांना सांगा, बाहेर बघण्यासारखं काहीच नसतं त्यामुळे भ्यायलाही काही नसतं, आमच्या सासूबाई तर भरलेली वांगी-भाकरी खाता खाता पलीकडे पोचल्या.

"वर पाणी" हे खरं आहे पण मध्ये दगडही आहे. बोगदा समुद्राच्या तळाच्याही सरासरी ४० मीटर खालून, खडूच्या दगडातून खणलाय. एकूण लांबी साधारण ५० किलोमीटर, त्यातले ३८ समुद्राखाली, १९९४ पासून चालू आहे. आणि तो एक बोगदा नाही, तीन आहेत, जायचा एक, यायचा एक, आणि मधला फक्त देखभालीसाठी आणि संकटात माणसं बाहेर काढण्यासाठी. दर ३७५ मीटरवर मधल्या बोगद्यात जायला दार आहे. हे आबांना आधीच सांगून ठेवा, नुसतं "काय होत नाही चला" म्हटलं की वडीलधारी माणसं जास्त घाबरतात.

पैशाचं म्हणाल तर शटलचं तिकीट गाडीचं असतं, आत एक माणूस असो की नऊ. फेरीला गाडी अधिक माणसं असा हिशोब असतो आणि बहुतेक वेळा फेरी स्वस्त पडते, पण दोन्हीकडे विमानासारखंच आहे, वेळ आणि तारीख बघून भाव हलतो. मे अखेरीला इथे शाळांना आठवड्याची सुट्टी असते, त्या आठवड्याच्या शनिवारी डोव्हरला जाऊ नका, फेरी स्वस्त पडेल पण रांगेत अर्धा दिवस जाईल. वारा जास्त असला की फेऱ्यांना उशीर, कधी बंदर बंदच. शटलला वाऱ्याचं सोयरसुतक नाही, पण तिथेही बिघाड झाला की सगळं तुंबतं, तेव्हा तीच वेळ पक्की धरून पुढचं काही ठरवू नका.

माझ्या मते आबांसाठी शटल.

मरळ_मास्तर

ताईंचं सगळं बरोबर हाय, पण एक बाजू सांगतो. मी नोकरीनिमित्त तिकडं होतो तेव्हा गळाच्या सामानासकट दोन्हीनं गेलोय आणि मला फेरीच आवडायची. का तर रीडिंगवरनं दोन-अडीच तास गाडी मारत यायचं, पुढं फ्रान्समध्ये उजव्या बाजूनं चालवायची, त्याच्यामधी दीड तास स्टेअरिंग सोडून पाय पसरून चहा प्यायला मिळतो ही लई मोठी गोष्ट हाय. चालवणार एकटा भाऊच ना? मग त्याचा पण विचार करा, नुसता आबांचा नको. शटलमध्ये ३५ मिनिटांत डोळा लागतोय तवर दार उघडतंय.

मळमळीचं म्हणाल तर मोठं जहाज आणि दाभोळची फेरी यांची बरोबरीच न्हाई, शांत दिवस असला तर हललेलं कळत पण न्हाई. मधोमध बसायचं, लांब क्षितिजाकडं बघायचं, मोबाईलमध्ये डोकं घालायचं न्हाई, आणि डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच ॲव्होमिन द्यायची, उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग न्हाई. एक लक्षात ठेवा, जहाज सुटलं की खाली गाडीपाशी जाऊ देत न्हाईत, म्हणून गोळ्या, स्वेटर, पाणी बरोबर वर न्यायचं.

आता दोन गोष्टी ज्या कुणी विचारत न्हाई. भावाच्या गाडीला गॅस किट हाय का? एलपीजीवर चालणारी गाडी शटलमध्ये घेतच न्हाईत, टाकी रिकामी असली तरी न्हाई. तसं असेल तर वाद मिटला, फेरी. आणि दुसरं, गाडी भाड्याची किंवा लीजची असेल तर देशाबाहेर न्यायला कंपनीचं लेखी पत्र लागतंय.

आणि मुख्य विषयावर कुणी बोललंच न्हाई, मासे! त्या खाजगी तळ्यांवर मासा पकडून परत सोडायचा असतोय. ओली मॅट अंथरायची, तिच्यावर अलगद ठेवून गळ काढायचा, फोटो, आणि पाण्यात. वीस किलोचा सायप्रिनस हातात आला म्हणून लगेच रस्सा दिसायला लागला तर तळ्याचा मालक तंबूसकट बाहेर काढंल. बऱ्याच ठिकाणी गळाच्या टोकाला उलटा काटा चालत न्हाई, आणि जाळी दुसऱ्या तळ्याची ओली आणलेली चालत न्हाई, माशांचे रोग पसरतात म्हणून. जाळी-मॅट तिथंच मिळते का ते आधी विचारा, तेवढंच सामान कमी. मेमध्ये पाणी तापलं की कार्प अंडी घालायला लागतात, तेव्हा आमिषाकडं बघत पण न्हाईत, काही मालक त्या दिवसांत गळ बंद ठेवतात. महिन्याच्या सुरुवातीला गेलात तर बरं. आणि सरकारी नदी-कालव्यावर बसायचा विचार असेल तर परवाना काढावा लागतोय आणि रात्री गळ टाकायला ठरलेल्या पट्ट्यांतच परवानगी असते, आपल्यासारखं रात्रभर कंदील लावून बसता येत न्हाई.

गळवाला_कळंबा

बाप रे, भरपूर माहिती मिळाली. आबांना वाचून दाखवली, तीन बोगद्यांचं ऐकून जरा शांत झाले, पण मासा सोडायचा म्हटल्यावर जे काय बोलले ते इथं लिहिता येत न्हाई 😂 "मग एवढ्या लांब काय माशाला नमस्कार घालायला चाललोय?"

गाडी भावाच्या नावावर, पेट्रोलची, किट वगैरे न्हाई. सोडायची असली तरी आबा येणारच, फोटो तालमीच्या ग्रुपवर टाकायचाय त्यांना. मी असं म्हणतोय की जाताना शटल आणि येताना हवा बघून फेरी. चालंल का?

शाहूपुरीतला_तिकीटवाला

साहेब, फेरी का ट्रेन नंतर बघा, आधी व्हिसा बघा. यूकेच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही, शेंगेन, म्हणजे फ्रान्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, वेगळा काढावा लागतो, तुम्हाला आणि आबांना दोघांनाही, आणि भाऊ अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर त्यालाही. लोक काय करतात, आधी लंडनला जातात आणि म्हणतात तिथून शेंगेन काढू. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथून सहसा देत नाहीत, जिथं राहता तिथूनच अर्ज करायचा, म्हणजे इथूनच. फी मोठ्या माणसाला ९० युरो, वर सेंटरचे चार्जेस, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. कागद पूर्ण असले तर साधारण १५ दिवस म्हणतात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही, तेव्हा आता लागा. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. यूकेचा व्हिसा परत आत यायला चालतो का, म्हणजे मल्टिपल एंट्री आहे का, तेही त्याच्यावर वाचून घ्या. तळ्याचं बुकिंग, भावाचं पत्र आणि जाण्या-येण्याचं तिकीट फाईलला जोडायचं. म्हणून सांगतो, येतानाचं "हवा बघून" ठेवू नका, दोन्ही बाजूचं बुकिंग दाखवा, बदलता येणारं तिकीट घ्या पाहिजे तर.

फ्रेंच पोलिसांची तपासणी डोव्हरला आणि फोकस्टनलाच, इंग्लंडच्या बाजूला होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायची नवी पद्धत आणलीय, पहिल्या वेळी वेळ लागतो. आबांना उभं राहायला त्रास होत असेल तर तो वेळ धरून निघा.

केंटमधली_कोल्हापूरकर

जाताना शटल, येताना फेरी, मला पटलं. जाताना तळ्यावर ठरलेल्या वेळेला पोचायचं असतं, शिवाय फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे तिथेच एक तास गेला. येताना घाई नसते. फक्त दोन एकेरी तिकिटं मिळून जाऊन-येऊन तिकिटापेक्षा महाग पडतायत का ते बघा.

खाण्याचं राहिलंच. ब्रिटनमधून युरोपात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, अगदी सँडविचमधलं हॅमसुद्धा काढून घेतात. म्हणजे मटणाचं लोणचं, तूप, पेढे रीडिंगलाच ठेवा. कांदा-लसूण चटणी बिनधास्त न्या. येताना फ्रान्सचं चीज आणायचा मोह होईल, तेही १२ एप्रिल २०२५ पासून बंद आहे, जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे.

पन्हाळा_रायडर

आणि सुकट? आबा सुकट-भाकरीशिवाय तळ्यावर बसत न्हाईत म्हणतोस ना 😜

केंटमधली_कोल्हापूरकर

मासळी चालते, माणशी २० किलोपर्यंत. पण डबा बंदिस्त, काचा खाली आणि गाडीत सुकट, शटलमधल्या मागच्या गाडीवाल्यांचा जरा विचार करा. हवाबंद डब्यात भरा.

मरळ_मास्तर

बुकिंग करताना गाडीची उंची बॉक्स धरून मोजा हां. शटलला १.८५ मीटरच्या वर गेलं की वेगळ्या डब्यात टाकतात आणि तिकीट पण वाढतंय. साधी कार असेल आणि बॉक्स चपटा असेल तर त्याच्या आत बसंल, उंच एसयूव्ही असेल तर गेलं. रॉड आत मधल्या सीटवरनं आडवे घालता येतात, खुर्च्या डिकीत, मग बॉक्सची गरजच पडत न्हाई बघ.

गळवाला_कळंबा

भावाला आत्ताच फोन लावला, टेप घेऊन खाली गेलाय. बॉक्स धरून १.९१ भरतंय. बॉक्स काढतोय म्हणाला, तंबू आबांच्या पायाशी. शेंगेनच्या अपॉइंटमेंटला पुण्याला जायचंय का मुंबईला तेवढं तिकीटवाले भाऊ सांगा, आबांना जमलं तर महालक्ष्मीनं न्यावं म्हणतोय, बसनं त्यांची कंबर धरते.