तिसऱ्यांदा जुळवून घ्यावं का? मैत्रीण गणपतीत येतेय

घाटमाथा: घरात मत विचारलं तर तीन माणसांची चार मतं आली, म्हणून इथे टाकतेय.

इंजिनियरिंगला पुण्यात हॉस्टेलवर ती आणि मी एका खोलीत. शेवटच्या वर्षी तिच्या मित्रावरून मी काही बोलले आणि तिने अबोला धरला. माझ्या लग्नाला मात्र आदल्या दिवशीच हजर! रुखवत मांडण्यापासून वरपक्षाच्या चहापर्यंत सगळं तिनेच पाहिलं. मग पुन्हा गायब. वडील आयसीयूत होते तेव्हा मेसेज केला, ब्लू टिक आली, उत्तर नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिचाच फोन आला. त्यानंतर रोज तासभर गप्पा, मी भांडी घासतेय आणि कानात ती. ऑफिसं उघडली आणि फोन बंद. भांडण नाही, काही नाही.

परवा मेसेज: ‘गणपतीत पुण्यात आहे, भेटूया ना?’ वाचून राग आला, आणि पाच मिनिटांत तिला काय काय सांगायचंय याची मनात यादीही सुरू झाली. भेटावं का?

पेठेतला: नाही. आयसीयूनंतर प्रश्नच उरत नाही. लॉकडाऊनमध्ये तिला तुम्ही हव्या होतात की कोणीतरी हवं होतं?

मोगरा: पेठेतला, तुमचं ‘नाही’ नेहमी तयारच असतं. दवाखान्याच्या बातमीला माणसं घाबरतात हो. काय बोलावं सुचत नाही, आज-उद्या करत आठवडा जातो आणि मग लाजेने फोन करवत नाही. माझा सख्खा भाऊ असाच. वडिलांच्या आजारपणात फिरकला नाही, पण नंतर आईच्या पेन्शनसाठी वर्षभर हेलपाटे त्यानेच घातले.

घाटमाथा ताई, तिला सरळ गणपतीला घरी बोलवा. दर्शनाला यायला कोणाला कारण लागत नाही. बोलावण्यात तुम्हाला कमीपणा नाही, येण्यात तिला नाही.

पेठेतला: आणि त्या गर्दीत बोलणार कधी? आरती, मोदक, नणंदा, ‘अय्या, किती बारीक झालीस!’ दोन तासांत सगळं छान छान होऊन ती जाणार, आणि ताई पुन्हा होत्या तिथेच. भेटायला माझी हरकत नाही. काहीही न विचारता भेटायला आहे.

निवृत्त_मास्तर: टिळक-आगरकर आठवा. डेक्कन कॉलेजातले दोस्त, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. पुढे १८८७ ला आगरकर ‘केसरी’तून बाहेर, १८८८ ला ‘सुधारक’, आणि मग छापील भांडण. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. माणूस गेल्यावर मोठं मन दाखवून काय उपयोग? जिवंतपणी भेटा. विचारपूस नंतर.

उसाचा_रस: मास्तर, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. आपण कशावरून भांडतोय हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं: आधी समाजसुधारणा की आधी राजकारण. एकमेकांवर टीका केली, पण नाव-गाव छापलेल्या अंकातून. गायब कोणीच झालं नाही. वाद कुठे अडला ते माहीत असलं तर तिथून पुढे बोलता येतं. इथे ताईंनी कुठून सुरुवात करायची?

तिने एखादं कडू पण खरं कारण सांगितलं तर मी मोगराताईंच्या बाजूने. ‘तुझा संसार बघवत नव्हता’ असंसुद्धा चालेल. निदान काहीतरी हाती लागेल.

निवृत्त_मास्तर: कारण सांगता येणारी माणसं मुळात गायब होत नाहीत हो. तुम्ही नेमकं तेच मागताय जे तिच्याकडे नाही.

घाटमाथा: मास्तर, हे लागलं. लग्नानंतर एकदा विचारलं होतं मी. ‘जाऊ दे ना, आता आलेय ना?’ म्हणाली आणि गळ्यात पडली.

पेठेतला: झालं. मिळालं उत्तर.

मोगरा: ते पंचविशीतलं उत्तर. चाळिशीतही तेच देईल कशावरून?

सातासमुद्रापार: मी न्यू जर्सीत असतो. भारतात यायचं ठरलं की ‘भेटूया’चा मेसेज एकच, जातो वीस जणांना. तुम्हाला आलेला तसलाच नाही ना, ते आधी बघा.

घाटमाथा: हाहा, नाही. पुढच्या ओळीत माझ्या लेकीचं नाव होतं, आणि ‘अजून अंगठा चोखते का?’ असं. लेक आता सातवीत आहे. यावर हसावं की रडावं कळेना.

असो. ठरवलंय. गणपतीच्या आधी बाहेर भेटायचं, फक्त दोघींनी. बाबांच्या वेळचं विचारणार, बाकीचं सोडून देईन. पुन्हा ‘जाऊ दे ना’ आलं तर कॉफी संपवून घरी, आणि दर्शनाचं आमंत्रण नाही.

मोगरा: अहो, गणपतीच्या दर्शनाला कसल्या अटी घालता!

पेठेतला: अट गणपतीला नाही, मैत्रिणीला आहे. ताई, कॉफीचं बिल मात्र निम्मं निम्मं.